अर्जदार अकराला उठतो

नाही आत्या, हे चालणार नाही. भांडण अर्धवट टाकून फोन ठेवायचा नसतो. मी वाक्याच्या मध्यावर होते. “अहवालात लिहिलंय ते सगळं खरं आहे, पण” इथपर्यंत मी पोचले होते आणि सगळी गंमत त्या “पण”च्या पुढे होती. तू फक्त “सगळं खरं आहे” एवढंच उचललंस, “आणि हे तू मला आत्ता सांगतेस?” म्हणून ओरडलीस आणि कट. त्यानंतर मी सतरा वेळा फोन लावला. (अठराव्यांदा लागला, पण घाईत तो माझ्या दातांच्या डॉक्टरांना लागला. त्यांनी बुधवारी बोलावलंय.) म्हणून हे पत्र. पत्र मधेच कट करता येत नाही. फाडता येतं, पण तू फाडणार नाहीस, मला माहितीय. मिक्सरचा रिकामा खोका चौदा वर्षं माळ्यावर जपणारी बाई तू, आख्खं पत्र कशी फाडशील?

आता रीत. रागाच्या भरात ती खाली राहिली, पण आजोबा म्हणतात की उशिरा केलेला नमस्कारही वजनाला तेवढाच भरतो. तर थोरल्या आत्याच्या पायांशी वाकून नमस्कार. (डाव्या पायाशी जरा लांबूनच, गुडघा दुखतोय असं कळलं.) काकांचं कानाचं मशीन दुरुस्त झालं का? की झालंय आणि त्यांनी तुला सांगितलेलं नाही? इकडे सगळे ठीक. आजोबा ठणठणीत. मी ठीक नाही, पण ते तुला आता अहवालावरून कळलेलंच आहे. म्हणजे कळलेलं नाही. तेच सांगायला बसलेय. मुद्दा एकच: येत्या गुरुवारी त्या निळ्या इमारतीच्या कागदावर सही करू नकोस. आजोबांना तिथे ठेवायचं काहीएक कारण नाही. का नाही, ते सांगते. पाणी पिऊन ये, लांबण लागणार आहे.

तूच सांगितलं होतंस की म्हाताऱ्या माणसांनी राहायच्या जागांचे प्रकार असतात, ते नीट समजून घे, आजोबांना घेऊन स्वतः बघून ये आणि मला कळव. शिवाय फाईल पाठवलीस, रंगीत चिठ्ठ्या लावून. बाबांना विचारलं, तर ते नेहमीसारखे “ताई म्हणेल तसं” म्हणाले आणि जेवायला बसले. फाईलमधल्या प्रत्येक माहितीपत्रकावर तेच एक पांढऱ्या केसांचं जोडपं हसतंय. आजोबांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, हे दोघे एकाच वेळी पाच पत्त्यांवर राहतात, यांची आधी चौकशी व्हायला हवी. (तुझ्या वडिलांनी चौतीस वर्षं वजनमाप निरीक्षक म्हणून काढली, हे मी तुला काय सांगणार. पण वय एकोणऐंशी झालं तरी निरीक्षण चालूच आहे, हे सांगायला हवं. डाव्या खिशात अजून तो छोटा ताणकाटा असतो, उजव्या खिशात पातळ पदार्थ मोजायचं घडीचं माप. रोज सकाळी पावाचं वजन होतं. बेकरीवाला त्यांना लांबून येताना पाहिलं की आपणहून दोन काप जास्त टाकतो, आणि आजोबा ते दोन काप परत करतात, कारण जास्त हेही चूकच.)

पहिली जागा तू हिरवी चिठ्ठी लावलेली. हा प्रकार धडधाकट लोकांसाठी. स्वतःचं घर, स्वतःची किल्ली, स्वतःचं स्वयंपाकघर. नळ गळला, दिवा गेला तर कोणीतरी येऊन दुरुस्त करतं, बागेला कोणीतरी पाणी घालतं, दुपारचं जेवण हवं तर सगळ्यांबरोबर मोठ्या दालनात. पण नर्स नाही, गोळ्यांची आठवण करणारं कोणी नाही. तुम्ही तुमचं बघायचं. (हे मी त्यांना तीनदा विचारून घेतलं, कारण तू म्हणाली होतीस की मी नीट विचारत नाही.) तिथल्या रहिवाशांच्या मंडळाची अध्यक्षा एक निवृत्त मुख्याध्यापिका. तिने आम्हाला आठवड्याचं वेळापत्रक दाखवलं. सहाला पोहणे, सातला चालणे, आठला चालण्यावर चर्चा, नंतर सुतारकाम, गाणं, बुद्धिबळ, आणि संध्याकाळी “मोकळा वेळ (उपस्थिती आवश्यक)”. मला तर वाचूनच धाप लागली. मी भिंतीला टेकले, तेव्हा ऐंशी वर्षांच्या एका बाईने मला स्वतःची खुर्ची दिली. अध्यक्षेने आजोबांना छंद विचारला. आजोबा म्हणाले, “तपासणी.” तिला वाटलं, डॉक्टरी तपासणी. ती म्हणाली, छान, इथे सगळ्यांना तोच आहे.

मग जेवण. फळ्यावर लिहिलेलं: सूप, अडीचशे मिली. आजोबांनी एक घोट न घेता वाटीतलं सूप खिशातल्या मापात ओतलं. दोनशे पंचवीस. तू ओळखतेसच, ते कधी ओरडत नाहीत. ते फक्त अतिशय सभ्यपणे म्हणाले, “मला वाढायचा डाव बघता येईल का?” डाव आला. तळाला पोचा होता. असा आत गेलेला पोचा, की दर वाढपात पंचवीस मिली कमी. हा डाव किती वर्षं वापरात आहे? अकरा. आजोबांचं काम इथे संपलं होतं गं. ते शांतपणे मापातलं सूप प्यायले. पण शेजारच्या टेबलावर एक निवृत्त गणिताचे सर बसले होते. त्यांनी हातरुमालावर हिशोब मांडला: अकरा वर्षं, रोज पंचवीस मिली, माणशी शंभर लिटर. माणशी शंभर लिटर सूप! मग काय, ज्या दालनात पाच मिनिटांपूर्वी टाचणी पडली तरी ऐकू आलं असतं, तिथे साठ म्हातारी माणसं चमचे आपटायला लागली. कोणी अध्यक्षेचा राजीनामा मागितला, कोणी आजोबांना खुर्चीवर उभं राहायला सांगितलं. व्यवस्थापकाने आम्हाला मागच्या फाटकाने बाहेर काढलं. म्हणाला, पुढून गेलात तर हे लोक तुम्हाला निवडून देतील. तर आत्या, पहिला प्रकार असा गेला. तुझ्याकडे तिथून पत्र आलं असेल की “जागा शिल्लक नाही”. जागा आहे. आजोबांना नाही.

दुसऱ्या ठिकाणी बाकीचे सगळे प्रकार एकाच आवारात होते. हीच ती तुझी लाडकी, लाल चिठ्ठीवाली जागा. तीन इमारती, मधे हिरवळ. पिवळ्या इमारतीत आपापले राहणारे, पहिल्या ठिकाणासारखेच, फक्त वेळापत्रक नाही. हिरव्या इमारतीत थोडी मदत लागणारे: अंघोळीला हात द्यायला, बटणं लावायला, गोळ्या वेळेवर द्यायला माणसं असतात, बाकी माणूस आपल्या खोलीचा राजा. आणि निळी इमारत ज्यांना आठवण दगा देते त्यांच्यासाठी. दाराला आकड्यांचं कुलूप, भिंतींना कोपरे नाहीत, दारांवर नावांऐवजी त्या त्या माणसाचा तरुणपणीचा फोटो. फार आजारी माणसांसाठी निळीच्याच वरच्या मजल्यावर नर्सा चोवीस तास. कल्पना अशी की एकदा आत आलात की पुन्हा सामान बांधून गाव बदलायला नको, गरज वाढेल तशी फक्त हिरवळ ओलांडायची. मला ते फार शहाणपणाचं वाटलं. आजोबांनी पावलं मोजली. पिवळी ते हिरवी चौसष्ट, हिरवी ते निळी अठ्ठेचाळीस. “पुढचं अंतर कमी ठेवलंय,” एवढंच म्हणाले, आणि आम्ही आत गेलो.

आता तो अहवाल. हिरव्या इमारतीत एक मूल्यमापन करणारी बाई आहे. (मी तिचं नाव टिकमार्कबाई ठेवलंय. ती बोलतानाही हवेत टिक करते.) वरच्या पानावर आजोबांचं नाव आणि वय तिने आधीच लिहिलेलं होतं, कारण तू फोन केला होतास. आतली चार पानं रिकामी. अर्जदार स्वतः स्वयंपाक करतो का, कपडे धुतो का, पडतो का, विसरतो का, असे साठ गुणांचे प्रश्न. जितके गुण जास्त तितकी मदत जास्त. ती प्रश्न विचारायला सुरुवात करणार, इतक्यात कोणाचं तरी कानाचं मशीन कोणाच्या तरी चहात पडलं आणि तिला धावावं लागलं. जाताना तिने फॉर्म आणि पेन आजोबांच्या हातात दिलं. म्हणाली, तोवर तुम्ही भरून ठेवा.

आत्या, चूक इथे झाली, आणि ही चूक जगात फक्त तुझे वडीलच करू शकतात. आजोबांच्या ऑफिसात चौतीस वर्षं एकच पद्धत होती. तपासायला आणलेला तराजू स्वतःबद्दल काही सांगत नाही. तराजू आणणारा माणूस फॉर्म भरतो. ज्याच्या हातात पेन, तो आणणारा. मग आणलेली वस्तू कोण? आजोबांनी आजूबाजूला पाहिलं. खोलीत दुसरं होतं कोण? मी. सोफ्यावर. झोपलेली.

आता अहवाल पुन्हा काढ आणि वाच. “सकाळी अकराच्या आत जाग येत नाही.” मी. “किल्ल्या हरवणे: महिन्यातून चारदा.” मीच गं. “गॅस चालू ठेवून बाहेर जाणे: दोनदा. एकदा दूध, एकदा काहीच नाही.” “एकटं असताना मोठ्याने बोलणे.” (मी घरबसल्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिते, हे तू लोकांना कधी सांगत नाहीस, पण लिहिते. “झाकण बंद केल्याशिवाय कळ दाबू नये” हे वाक्य मोठ्याने म्हणून बघावं लागतं. त्याच आठवड्यात झाकण उघडं ठेवून मिक्सरची कळ दाबून छताला टोमॅटो लावला, ही वेगळी गोष्ट. तीही अहवालात आहे. पान तीन.) “स्टुलावरून पडणे: एकदा.” “चालू महिना सांगता येणे: विचार करून.” “कपडे स्वतः धुणे: नाही. घडी घालणे: घडी म्हणजे काय हे माहीत असावे.” “बसल्या जागी झोप लागणे: हो. आत्ताही.” अक्षर बघ, किती वळणदार आहे. एका ओळीतसुद्धा कुणाचा अपमान नाही, नुसती मोजमापं. टिकमार्कबाई परत आली, बेरीज केली, साठापैकी एकेचाळीस. तिने आजोबांकडे पाहिलं. इस्त्रीचा सदरा, चकचकीत बूट, पाठ ताठ. तिचे डोळेच भरून आले. आजचा दिवस चांगला दिसतोय यांचा, असं मला बाजूला घेऊन म्हणाली. मी अर्धवट झोपेत होते. मी म्हटलं, हो, आजचा चांगला आहे. (हे मी बोलायला नको होतं.) तिने वर लिहिलं: स्तर तीन, निळ्या इमारतीची शिफारस, जबाबदार नातेवाइकाची सही घ्यावी. जबाबदार नातेवाईक म्हणजे तू.

आणि तू तो कागद वाचून मला विचारतेस की तीन वर्षं मी तिथे बसून काय केलं. शिक्षण संपल्यावर मला आजोबांकडे “त्यांची काळजी घ्यायला” ठेवलं ते तूच. घर तुझं, निर्णय तुझा. मी काळजी घेतेच आहे. फक्त ती उलट्या बाजूने वाहते. चहा ते करतात. औषधांची त्यांची डबी कधी चुकत नाही, माझ्या खोकल्याच्या गोळ्याही त्यांच्याच डबीच्या आठव्या कप्प्यात असतात. (तो कप्पा त्यांनी डबीला बाहेरून चिकटवलाय.)

निळ्या इमारतीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती विनोदी नाही, किंवा आहे, मला नीट कळलेलं नाही. परतताना टिकमार्कबाईने आम्हाला ती बघायला नेलं. खिडकीपाशी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. समोर टेबलावर चमचे, लोकरीचे गुंडे, सफरचंद. ते एकेक वस्तू तळहातावर घेत, जरा झुलवत आणि आकडा बोलत. आजोबा दारातच थांबले. म्हणाले, हा किराणावाला. पस्तिसेक वर्षांपूर्वी त्यांनी याचा तराजू जप्त केला होता, तीन ग्रॅमच्या फरकासाठी. तेव्हा हा भर बाजारात ओरडला होता की माझा हात चुकत नाही, तुमचा काटा तपासून घ्या. आजोबांनी तपासला नव्हता. निरीक्षकाचा काटा कोण तपासणार? आता त्या माणसाला आजोबा आठवत नाहीत, दुकान आठवत नाही, भेटायला येऊन समोर बसलेली स्वतःची मुलगी आठवत नाही. आजोबांनी खिशातून ताणकाटा काढला आणि त्याच्यासमोर बसले. चमचा. तो म्हणाला, “अडतीस.” काटा म्हणाला अडतीस. सफरचंद, “एकशे चाळीस.” एकशे चाळीस. लोकर, किल्ली, माझी चप्पल. नऊ वस्तू, आत्या. एकही ग्रॅम इकडेतिकडे नाही. दहाव्या वेळी त्याने आजोबांचा हात उचलला, झुलवला आणि म्हणाला, “हा जोखता येत नाही, साहेब. जोडलेला आहे.” आजोबा हसले नाहीत. घरी आल्यावर पितळेची जुनी प्रमाण वजनं काढून ताणकाटा तासभर तपासत बसले. हा काटा बरोबर आहे. पण तेव्हाचा काटा हा नव्हता, तो ऑफिसात जमा झाला, आणि ऑफिसही आता तिथे नाही.

तर माझं म्हणणं एवढंच. आजोबांना कुठेही न्यायचं नाही. पाचवा प्रकारही असतो, तुझ्या फाईलच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे: माणसाने आपल्याच घरात राहायचं आणि लागेल तेवढी मदत घरी यायची. ती मदत इथे आहे. ती मी आहे. मी उद्यापासून सातला उठेन. घड्या शिकेन. तू सही करू नकोस. तुझ्या भाचीने आजवर तुझ्याकडे काही मागितलेलं नाही (सायकल सोडून), हे एवढंच मागते.

तुझी,
टोमॅटोवाली

ता. क. रविवार, सकाळचे साडेअकरा. मी नुकतीच उठले. आजोबांनी हे पत्र वाचलंय. तपासल्याशिवाय या घरातून काही बाहेर जात नाही. लाल पेनने दोन दुरुस्त्या आहेत: सूप दोनशे चोवीस मिली होतं, आणि सफरचंद डेखासकट होतं. मग त्यांनी “चूक” या शब्दाखाली रेघ ओढली आणि मला विचारलं, “चौतीस वर्षांत मी चुकीचा फॉर्म भरलेला तुला माहितीय?” नाही. भरलेला नाही. आत्या, त्यांनी तो मुद्दाम भरला. मी म्हटलं, का? तर म्हणाले, तराजू बंद पडलाय की नाही हे बघायचं असेल तर त्याच्या पारड्यात एक वजन टाकून बघतात. चार महिने तुझा फोन येतो तो मला. “आजोबा जेवले का, आजोबा झोपले का,” मी हो म्हणते, तू ठेवतेस. “दे त्यांना” असं तू चार महिन्यांत म्हणाली नाहीस, त्यांनी लिहून ठेवलंय. म्हणून त्यांनी एकेचाळीस गुणांचं वजन टाकलं. परवा तू फोनवर ओरडत होतीस ना, तेव्हा ते माझ्या शेजारीच बसून होते. तुझा आवाज त्यांना खोलीभर ऐकू येत होता. तू फोन आपटलास तेव्हा म्हणाले, “काटा हलतो अजून. चांगला हलतो.” आणि उठून चहा टाकायला गेले. एक कप जास्त टाकला.

दुसरा ता. क. वर मी सातला उठेन वगैरे लिहिलंय ते खोडायचं राहिलं. ते आता लागणार नाही. आजोबांनी शुक्रवारी, मी झोपेत असताना, जाऊन पिवळ्या इमारतीच्या कागदावर स्वतः सही केली. पिवळीला नातेवाइकाची सही लागत नाही, माणूस स्वतःच जबाबदार असतो. टिकमार्कबाईसमोर बसून त्यांनी फॉर्म पुन्हा भरला, या वेळी स्वतःचा. साठापैकी दोन. (दोन गुण डाव्या डोळ्याचे.) पिवळी ते निळी एकशे बारा पावलं होतात. रोज दुपारी किराणावाल्याकडे जाणार, वस्तू नेणार, जोखून बघणार. म्हणाले, तीन ग्रॅम कोणाचे होते ते कळेपर्यंत. मी म्हटलं, ते कधीच कळणार नाही. म्हणाले, मग रोज जावं लागेल. तेव्हा तू गुरुवारी सही कर नाहीतर नको करू, त्याला आता काही अर्थ नाही. आम्ही आजच निघतोय. बॅगेचं वजन झालंय, सोळा किलो दोनशे, त्यात माझी लोकरीची टोपी आहे, ती माझ्या नकळत भरलीय.

तिसरा ता. क. आणि खरं काम. पिवळ्या इमारतीत पाहुण्यांसाठी एक खोली असते. नियम असा की रहिवाशाकडे जवळचा माणूस महिन्याला चौदा रात्री राहू शकतो. मी विचारून घेतलं. (नीट विचारलं.) आज एक तारीख. म्हणजे पंधरा तारखेला सकाळी मी तुझ्याकडे येते, महिन्याचे उरलेले दिवस. हे रिकामं घर तू कुलूप लावून ठेवशील, आणि ते बरोबरच आहे, गॅसचं कारण तुझ्याकडे लेखी आहे. माझी जास्त कटकट नसते. सकाळी उठवायचं, किल्ली गळ्यात बांधायची, मिक्सरला हात लावू द्यायचा नाही. तो अहवाल जपून ठेव, माझी सगळी माहिती त्यात आहे. आणि पिवळ्या इमारतीत फोन आहे. तो लावशील तेव्हा मला मागू नकोस, त्यांना माग.

उत्तर पाठवू नकोस, इथे घ्यायला कोणी नसेल. किल्ली शेजारच्या काकूंकडे. (माझी सापडत नाहीये, त्यांच्याकडे आजोबांची.) गाडी खाली आलीय. आजोबांनी तीन हाका मारल्यात, चौथी ते लिहून ठेवतील. निघाले.